वसंतात गोव्यातले पक्षी कसे पाहावेत: परसातून सुरुवात करून खाजनाच्या बांधापर्यंत

गोव्यात पक्षी पाहायचे ते डिसेंबर-जानेवारीत, असे बहुतेकांनी धरून ठेवले आहे. थंडीत दूरदेशीचे पाहुणे येतात, तळी भरलेली असतात, हवाही बरी असते. पण ज्याला मुळापासून सुरुवात करायची आहे, त्याला मी फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंतचा काळ सुचवेन. शिगम्याचे, म्हणजे गोव्यातल्या होळीच्या सणाचे, ढोल घुमू लागतात तोवर सावर, पांगारा आणि पळस पाने टाकून फुलांवर आलेले असतात. पानांचा आडोसा नसल्यामुळे फांदीवरचा पक्षी सरळ दिसतो. नर गाऊन गाऊन जागा सांगत असतात, जोड्या जमतात, काड्या-कोळिष्टके गोळा होतात. परतीच्या तयारीत असलेले पाहुणेही जाण्याआधी विणीचे रंग चढवतात. पक्षी आपला संसार इतक्या उघड्यावर वर्षात पुन्हा मांडत नाहीत.

गोव्यात साडेचारशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. हा आकडा ऐकला की नवखा माणूस यादी हातात घेऊन धावू लागतो, आणि दोन रविवारांत दमतो. माझा आग्रह असा, की पक्ष्याच्या मागे जाऊ नका. एक झाड धरा आणि तिथे थांबा. झाड फुलले किंवा फळले असेल तर पक्षी येणारच. आणि आला की त्याचे नाव विचारण्याआधी तो काय करतो आहे, ते बघा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीभोवती आहेत.

पायरी १: परसात एक जागा ठरवा

घरामागचा परस असो, फ्लॅटची बाल्कनी असो की गच्ची, रोज सकाळी वीस मिनिटे बसता येईल अशी एक जागा ठरवा. पाठीशी भिंत असावी, ऊन डोळ्यांवर येऊ नये, म्हणजे पूर्वेकडे तोंड करून बसू नये. गडद किंवा मातकट कपडे बरे, पण त्याहून महत्त्वाचे आहे ते हालचाल कमी करणे. पहिली पाच मिनिटे काहीच दिसणार नाही. तुम्ही आलात म्हणून गप्प झालेला परस त्यानंतर पुन्हा बोलू लागतो.

मार्चच्या सुरुवातीला गोव्यात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, एप्रिलअखेरीस सहाच्या थोडा पुढे. उजाडण्याच्या आधी अर्धा तास बसता आले तर दयाळ ऐकायला मिळेल. काळा-पांढरा, शेपटी उभारलेला हा पक्षी घराच्या कोन्यावर, अँटेनावर किंवा माडाच्या सुक्या चुडतावर बसून लांबच लांब शीळ घालतो. वर्षाचे बाकीचे महिने तो जवळपास मुका असतो, त्यामुळे अनेकांना तो आपल्याच परसात राहतो हे ठाऊकच नसते.

आता परसात काय आहे ते बघा. जास्वंद, पिटकुळी, केळफूल, शेवग्याची फुले यांवर शिंजीर येतील. जांभळ्या पाठीचा शिंजीर सर्वांत सामान्य: नराची पाठ तपकिरी-जांभळट, पोट पिवळे, आणि उन्हात आला की गळा एकदम चमकतो. लांब, खाली वाकलेल्या चोचीचा लोटनचा शिंजीरही गोव्यातल्या बागांत नेहमीचा. सिंगापूर चेरीचे झाड असेल तर तुमचे अर्धे काम झाले. बुलबुल, कोकीळ, तांबट आणि फुलटोच्या सगळे तिथे हजेरी लावतात. कढीपत्त्याच्या काळ्या फळांचेही तसेच.

आंब्यावर बांडगूळ असेल तर ते काढण्याआधी थोडे दिवस त्याच्याकडे लक्ष ठेवा. अंगठ्याएवढा, राखी-हिरवट फुलटोच्या तिथे सतत ‘चिक चिक’ करत फिरताना दिसेल. बांडगुळाचे फळ तो गिळतो, बी चिकट असते, आणि ते बाहेर टाकताना त्याला फांदीवर अंग घासावे लागते. तिथेच बी चिकटते आणि नवे बांडगूळ उगवते. हा सगळा व्यवहार एका फांदीवर, दहा मिनिटांत, दुर्बिणीशिवाय पाहता येतो.

पायरी २: पाणी ठेवा, खाणे नको

एप्रिलमध्ये व्हाळ (ओढे) आटतात, विहिरी खाली जातात. पसरट मातीची थाळी घ्या, कुंभाराकडे मिळते तीच. पाणी तीन-चार सेंटीमीटरपेक्षा खोल नको, मध्ये एक खडबडीत दगड ठेवा, म्हणजे लहान पक्ष्याला उभे राहता येते. थाळी सावलीत, जमिनीपासून उंच, आणि झुडपापासून दोनेक मीटरवर ठेवा. झुडूप अगदी लागून असेल तर त्यात दबा धरून मांजर बसते. फार दूर असेल तर पक्षी यायला धजत नाही. पाणी रोज बदला आणि दोन-तीन दिवसांनी थाळी काथ्याने घासा. त्यामुळे शेवाळ धरत नाही, डासांच्या अळ्याही होत नाहीत.

शिळा भात, फरसाण, पाव टाकू नका. मिठाचे, तळलेले त्यांच्या कामाचे नाही, आणि त्यावर येतात ते बहुतेक कावळे आणि पारवेच. झाडे लावणे हेच खरे खाणे घालणे.

पायरी ३: दुर्बीण घ्या, आणि नीट लावा

परसात डोळे पुरतात, फेरीला दुर्बीण हवी. ८×४२ किंवा ८×३२ पुरे. पहिला आकडा पक्षी किती पटीने मोठा दिसतो तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. १० पटीची दुर्बीण मोहात पाडते, पण तिच्यात हाताचा कंपही मोठा होतो आणि दृश्य अरुंद होते. दाट झाडीत नवख्याला पक्षी सापडत नाही. कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, किंवा जंगलात उजेड कमी असतो, तिथे ४२ चे भिंग उपयोगी पडते.

बऱ्याच जणांची चांगली दुर्बीणही धूसर दिसते, कारण ती डोळ्यांना लावून घेतलेली नसते. ती लावायची अशी. चष्मा असेल तर डोळ्यांजवळची रबरी कडी आत दाबा, नसेल तर बाहेर काढा. दोन्ही नळ्या जवळ-लांब करून एकच गोल दिसेल असे करा. मग वीसेक मीटरवरच्या एखाद्या स्पष्ट कडेच्या वस्तूकडे, समजा माडाच्या खोडाच्या वळ्यांकडे, बघा. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. आता डावा मिटा आणि उजव्या नळीवरची कडी फिरवून उजव्याला स्पष्ट करा. ती कडी कुठे आली त्या खुणेवर लक्ष ठेवा. यापुढे फक्त मधले चाक फिरवायचे.

पक्षी दिसला की नजर त्याच्यावरच ठेवा आणि दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणा. दुर्बिणीकडे बघून मग पक्षी शोधायला गेलात की तो हातचा गेलाच. घरी बसून विजेच्या तारेवरच्या कावळ्यावर ही सवय करून घ्या.

पायरी ४: आधी कान तयार करा

वसंतात दिसण्याआधी पक्षी ऐकू येतात. पाच आवाज ओळखता आले तरी फेरीचा नूर बदलतो.

तांबटाची ‘टुक, टुक, टुक’ भर दुपारीसुद्धा चालू असते, एकाच ठेक्यात, मिनिटेच्या मिनिटे. आवाज कुठून येतो ते कळत नाही, कारण तो प्रत्येक ठोक्याला मान वळवतो. झाडाच्या शेंड्यावरची सुकी, उघडी फांदी शोधा. हिरवे अंग, लाल कपाळ, पिवळा गळा, आणि ठोक्यागणिक फुगणारा तो गळा. त्याचा मोठा भाऊबंद, पांढऱ्या गालाचा कुटुरगा, ‘कुटर्र, कुटर्र’ करत अख्खे कुळागर दणाणून सोडतो. एकाने सुरू केले की दुसरा, तिसरा जोडीला येतो. फणसाच्या, आंब्याच्या हिरव्यात तो मिसळून जातो म्हणून पाहणारे कमी, ऐकणारे सगळे.

कोकीळ सर्वांना ठाऊक. ‘कुहू’ म्हणतो तो काळा, लाल डोळ्यांचा नर. मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची, आणि तिचा आवाज ‘किक किक किक’ असा तुटक. माडावर कावळ्यांची घरटी बांधली जाऊ लागली की नर मोठ्याने ओरडून कावळ्यांना मागे लावतो आणि मादी घरट्याकडे सरकते. कावळा कोकिळेचा पाठलाग करताना दिसला तर जवळपास घरटे आहे असे समजा.

पावशाचे चढत जाणारे ‘पेरते व्हा’ साधारण मार्चअखेरपासून कानी येते आणि मेपर्यंत वाढत जाते. आणि पाचवा खंड्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये तपकिरी डोक्याचा, निळ्या पाठीचा हा पक्षी सर्वांत उंच शेंड्यावर बसून किणकिणत खाली उतरणारी साद घालतो. पाण्यापासून कितीतरी दूर, भर गावातही.

मोबाइलवरचे मर्लिन ॲप आवाज ऐकून नाव सुचवते. भारताचा संच आधी उतरवून घेतला तर नेटवर्क नसलेल्या सत्तरी तालुक्यातही चालते. त्याचे उत्तर हा अंदाज आहे असे समजून पक्षी डोळ्यांनी पाहूनच नोंदवा. पर्णपक्षी आणि भृंगराज दुसऱ्यांच्या हुबेहूब नकला करतात, तिथे ॲपही फसते. आणि ॲपमधला आवाज पक्ष्याला वाजवून दाखवू नका. विणीच्या काळात त्याला वाटते की हद्दीत दुसरा नर शिरला; गाणे, घरटे, पिल्ले सोडून तो तुमच्या मोबाइलशी भांडत बसतो.

पायरी ५: फुललेले झाड शोधा

फेरीचा सगळा अर्थ इथे आहे. आदल्या दिवशी गाडीवरून जाताना बघून ठेवा: कुठे सावर लाल झाली आहे, कुठे पांगारा पेटला आहे, कुठल्या वडाच्या फळांचा सडा रस्त्यावर पडला आहे. दुसऱ्या दिवशी साडेसहाला त्या झाडापासून पंचवीस-तीस पावलांवर, सूर्य पाठीशी घेऊन उभे राहा. नऊपर्यंत हलू नका.

सावरीचे फूल जाड पाकळ्यांचे, आणि मध्यभागी पाणीदार रस. त्या रसासाठी साळुंक्या, पांढऱ्या डोक्याच्या मैना, परत निघालेल्या गुलाबी भोरड्या, बुलबुल, हळद्या, कोतवाल, अगदी कावळेही येतात. कुणी चोच फुलात खुपसून कपाळ पिवळे करून घेते. मैनेच्या डोक्यावर पराग दिसला की ती या फुलाहून त्या फुलाला काय पोचवते आहे ते लक्षात येते. कोतवाल मात्र रसासोबत फुलांवर आलेले किडेही टिपतो. भृंगराजाच्या शेपटीची दोन लांब पिसे आणि टोकावरचे गोंडे उडताना मागून दोन भुंगे येत असल्यासारखे दिसतात. सर्वांत वरच्या फांदीवर कोण बसतो, कोण कुणाला हुसकावतो, कोण गर्दी ओसरल्यावरच येतो, हे लिहून ठेवा. अशी एक सकाळ दहा ठिकाणच्या धावपळीपेक्षा जास्त शिकवते.

वडा-पिंपळावर पद्धत वेगळी. तिथे हिरव्या पानांत हरियाल, म्हणजे हिरवी कबुतरे, बसलेले असतात आणि ते दिसत नाहीत. पाने कुठे हलतात आणि फळे कुठे टपटप पडतात ते बघा; तिथून नजर वर न्या. सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण या भागांतल्या वडांवर धनेश येण्याचा संभव असतो. राखी धनेशाचा आवाज माणसाच्या कर्कश हसण्यासारखा. या दिवसांत एकटा नर फळे घेऊन वारंवार एकाच दिशेला जाताना दिसला तर त्याची मादी कुठल्यातरी ढोलीत स्वतःला कोंडून अंड्यांवर बसली आहे. ढोलीचे तोंड लिंपून घेतलेले असते, जेमतेम चोच जाईल एवढी फट असते, आणि मादीचे, पुढे पिल्लांचे सगळे खाणे त्या एका नरावर. म्हणून त्याच्या मागे ढोलीपर्यंत जाऊ नका. तो माणसे पाहून आला नाही तर आत उपासमार होते.

पायरी ६: फेरीची जागा निवडा

एका सकाळी एकच प्रकारची जागा. गोव्यात सगळे हाकेच्या अंतरावर आहे म्हणून तळे, जंगल आणि किनारा एकाच दिवशी उरकायचा मोह होतो, तो टाळा.

कुळागर: फोंडा तालुक्यात सावईवेरे, केरी, प्रियोळच्या बाजूला माड, पोफळी, जायफळ, मिरी अशी सावली असते. मालकाला विचारून जा. गोव्यात नाही म्हणणारे कमी. नवरंग हा पाहुणा एप्रिलपर्यंत असतो, पालापाचोळ्यात टुणटुण उड्या मारत किडे शोधतो. नारिंगी डोक्याचा कस्तूरही तसाच जमिनीवर. पाटाच्या कडेला बसून राहा, पाणी सोडले असेल तर फारच उत्तम.

खाजन (खाडीकाठची, बांध घातलेली खारी जमीन) आणि मिठागर: रायबंदरहून फेरीने चोडणला उतरले की डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य लागलेच. क्षेत्र जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर, सगळी खारफुटी. आधी भरती-ओहोटीची वेळ बघा. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि चिखल्ये, तुतवार असे चिखलात चरणारे पक्षी त्यावर पसरतात. भरतीला ते बांधांवर, मिठागरांवर गोळा होतात आणि जवळून दिसतात. दिवाडीचे बांध आणि पेडण्यातल्या आगरवाड्याची मिठागरे यासाठी छान. मार्चअखेरीस चिखल्यांच्या छातीवर विटकरी पट्टा उमटू लागतो, आणि मोरजीच्या किनाऱ्यावर कुरवांच्या पांढऱ्या डोक्यावर तपकिरी टोपी चढते. महिन्याभराच्या अंतराने त्याच थव्याकडे बघा, तेच पक्षी ओळखू येणार नाहीत. मानशीजवळ, म्हणजे बांधातून पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराजवळ, शांत उभे राहिलात तर खंड्यांच्या दोन-तीन जाती एकाच जागी मिळतात.

तळी: जुन्या गोव्याजवळचे करमळीचे, कुडतरीचे, आणि कुडचड्याचे नंदा तळे. नंदा तळे २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेले, गोव्यातले पहिले. पाणी आटत जाईल तशी अडई, जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी उरलेल्या पाण्याभोवती एकवटतात. ढोकरीकडे बारकाईने बघा. वर्षभर मातकट दिसणारा हा बगळा उन्हाळा चढताना पाठीवर लालसर-तपकिरी पिसे घेतो.

जंगलाची कड: तांबडी सुर्ल्याच्या महादेव मंदिराभोवतीची झाडी, किंवा उसगावजवळचे बोंडला अभयारण्य. बोंडला अवघे ८ चौरस किलोमीटर, लहान मुलांना घेऊन जायला सोपे. गोव्याचा राज्यपक्षी, माणकासारख्या लाल गळ्याचा, काळ्या डोक्याचा पिवळा बुलबुल, इथे भेटतो. तो फक्त पश्चिम घाटाचा. जगात दुसरीकडे नाही. कर्णा हा जंगलातला पक्षी पाहायचा असेल तर घाई सोडा. नराचे पोट भडक लाल असूनही तो पाठ फिरवून इतका निश्चल बसतो, की समोरून माणसे निघून जातात.

जंगलात जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब पँट, मोज्यांत खोचलेले पाय, आणि परत आल्यावर गोचीड लागली नाही ना हे तपासून गरम पाण्याने अंघोळ. सत्तरीत माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत आणि तो गोचिडीतूनच पसरतो. मेलेले माकड दिसले तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला किंवा वन खात्याला कळवा. अभयारण्यात प्रवेशाच्या वेळा आणि परवानगी पाळा. एकट्याने जाऊ नका.

पायरी ७: लिहा, त्याच जागी

छोटी वही खिशात ठेवा. तारीख, वेळ, जागा, झाड, पक्षी, किती, आणि काय करत होता. शेवटचा रकाना बाकी सगळ्यांपेक्षा मोलाचा. ‘शिंजीर, मादी, कोळिष्टक घेऊन व्हरांड्याच्या तारेकडे’ एवढे लिहिलेत की पुढच्या आठवड्यात तिथे तिची लोंबती पिशवी दिसेल, बाजूला तोंड आणि तोंडावर छोटे छप्पर असलेली. नाव ठाऊक नसेल तर आकार कावळ्याहून मोठा की साळुंकीएवढा, चोच कशी, शेपटी कशी, बसून काय करतो, एवढे लिहा. रंग उजेडात फसवतात.

घरी आल्यावर या नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर मोफत भरता येतात. दर वर्षी फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस जगभर परसातल्या पक्ष्यांची गणना होते. पंधरा मिनिटे बसून मोजणे एवढीच अट. पहिली नोंद करायला ते दिवस चांगले.

पायरी ८: घरट्याशी वागण्याची रीत

घरटे दिसले की लांब व्हा. फोटोसाठी आडवी फांदी कापणे, पाने बाजूला करणे म्हणजे कावळ्याला आणि भारद्वाजाला वाट दाखवणे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार घरट्याला, अंड्यांना हात लावणे गुन्हाही आहे.

पावसाआधी परस झाडून घेण्याची, फांद्या उतरवण्याची घाई आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये असते. नेमका तोच विणीचा भर. शेवग्याची, गुलमोहराची एखादी मेलेली फांदी घरावर पडण्यासारखी नसेल तर राहू द्या; तांबट तिच्यातच ढोली कोरतो. जी उतरवायलाच हवी ती आधी दुर्बिणीने तपासा. सड्यावरचे, म्हणजे उघड्या कातळी माळावरचे, सुके गवत पेटवू नका, आणि तिथून चालताना पायाखाली बघा. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांच्या खळग्यात चार ठिपकेदार अंडी घालते, आणि ती खड्यांहून वेगळी दिसत नाहीत. भर उन्हात ती पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसून त्यांना गारवा देते. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ‘टिटिव टिटिव’ ओरडू लागली की अंडी किंवा पिल्ले जवळ आहेत. आल्या वाटेने पाऊल मागे घ्या.

मेच्या आसपास बागेत खाली उतरलेले, पिसे आलेले पण उडता न येणारे पिल्लू दिसेल. ते बहुधा हरवलेले नसते. आईबाप जवळच्या झाडावरून त्याला भरवत असतात. मांजर-कुत्रा आवरा, पिल्लू उघड्यावर असेल तर अलगद उचलून जवळच्या झुडपात ठेवा आणि दूर जाऊन तासभर बघा. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लू टाकून देत नाहीत. रक्त असेल, पंख लोंबत असेल किंवा तासाभरात कुणीच फिरकले नाही, तर झाकणाला भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात कापड घालून त्यात ठेवा, पाणी पाजू नका, खोके अंधाऱ्या गार जागी ठेवून वन खात्याला फोन करा.